ब्लाउजचा एकच कोर्स धरून ठेवू का आरी, मेकअप, केक सगळं चालू करू? निपाणीच्या ताईंना सविस्तर उत्तर

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या निपाणीतनं मराठीत ब्लाउज कटिंगचा रेकॉर्डेड कोर्स विकतात, किंमत ७९९ रुपये. घेणाऱ्या बायका बेळगाव, खानापूर, चिकोडीकडच्या आणि निम्म्याहून जास्त कोल्हापूर-सांगली साइडच्या. सुरवातीला चांगला चालला, आता विक्री थांबल्यासारखी झालीय. ग्रुपवर रोज कुणी ना कुणी विचारतंय की ताई आरी वर्क (आकड्याच्या सुईनं केलेलं मणी-जरीचं भरतकाम) शिकवा, मेंदी शिकवा, मेकअप, केक. मिस्टर म्हणतात सगळं टाकून दे, एकाच गिऱ्हाइकाला चार गोष्टी विकता येतात. बहीण म्हणते ब्लाउजमुळं नाव झालंय, ते सोडू नको. कुणाचं ऐकायचं?

आधीच सांगते, मी शिवणातली नाही. मी अकाउंट्सवाली. बेळगावात उद्यमबागेतल्या छोट्या कारखान्यांची अकाउंट्स बघत बघत टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि जीएसटी मराठीत शिकवायला लागले आणि आता बरीच वर्षं ऑनलाइन कोर्स हेच माझं मुख्य काम आहे. पण तुमचा जो पेच आहे ना तो मला पाठ आहे, कारण टॅली शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक्सेल शिकवा, इंग्लिश बोलायला शिकवा, शेअर मार्केट शिकवा असं विचारणारे भेटतातच. विषय वेगळा असला तरी हिशेब तोच बसतो. शिवणातलं काही चुकीचं बोलले तर तेवढं तुम्ही दुरुस्त करून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही विचारलंय एक का अनेक, पण वाचताना मला त्याच्या आत दुसराच प्रश्न दिसला, विक्री का थांबली? ते तुम्ही कुठंच लिहिलं नाही. नवीन बायकांपर्यंत कोर्स पोचतच नसेल, तर दहा कोर्स काढले तरी तेही पोचणार नाहीत. पोचतोय, बायका पान उघडून बघतात पण पैसे भरत नाहीत, असं असेल तर डेमो, किंमत, नाहीतर विश्वास, ह्यातलं काहीतरी अडलंय. आणि तिसरी शक्यता अशी की ज्यांनी घ्यायचा त्यांनी घेतला, खूश आहेत, पण त्यांना पुढं द्यायला तुमच्याकडं काही नाही. नवा विषय काढून फायदा होतो तो फक्त ह्या तिसऱ्या वेळी, तोही विषय नीट निवडला तर. म्हणून निर्णय घ्यायच्या आधी एक काम करा, मागच्या दोन-तीन महिन्यांत कोर्सचं पान किती जणींनी बघितलं आणि किती जणींनी पैसे भरले हे दोन आकडे काढा. पेमेंट घेताय त्या ॲपमध्ये बहुतेक दोन्ही मिळतील.

दुसरं, मागणी कोण करतंय ते बघा की. ग्रुपवर आरी मागणाऱ्या वीस जणी असतील तर त्यातल्या तुमचा कोर्स घेतलेल्या किती आणि नुसत्या फुकटच्या ग्रुपमध्ये बसलेल्या किती, ही नावं वहीत वेगवेगळी लिहून काढा. मागायला काही खर्च नसतो, त्यामुळं फुकटच्या ग्रुपमध्ये मागणी नेहमी फुगलेली दिसतेय. माझ्याकडं शेअर मार्केटची मागणी सगळ्यात जास्त यायची, पण ती करणारी मुलं बहुतेक यूट्यूबवरनं आलेली असायची. ज्यांनी माझे पैसे भरलेत, ज्यांना कारखान्यात किंवा सीएच्या ऑफिसात नोकरी पाहिजे, त्यांचं मागणं वेगळंच होतं. मॅडम बिल तर करता येतंय पण जीएसटी रिटर्न भरताना सरकारी पोर्टलचा आकडा आणि टॅलीचा आकडा जुळत नाही, ते शिकवा. ही मागणी करणारे थोडे होते पण त्यांच्या हातात काम अडलेलं होतं. मी तिकडं गेले.

आता हे परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्यच करते. कोर्स हे तुमचं मुख्य उत्पन्न आहे का दुकानाच्या जोडीला आहे, घरात व्हिडिओ एडिट करणारं कुणी आहे का सगळं तुम्हीच करताय, हे मला माहीत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुमच्या कोर्सला येणारी बाई कोण आहे. एक बाई स्वतःचे आणि मुलीचे ब्लाउज घरीच शिवायचे म्हणून शिकते. दुसरी गल्लीतल्या चार बायकांचे शिवून महिन्याला काही रुपये मिळवायचे म्हणून शिकते. तिसरीचं आधीच छोटं टेलरिंगचं दुकान आहे, पण कटोरीचं (छातीच्या गोल भागाचं) फिटिंग बसत नाही म्हणून येते. तिघींचा पहिला कोर्स एकच, पण पुढची पायरी तिघींची तीन दिशांना. घरचं शिवणारीला कदाचित पुढं मुलीचा फ्रॉक, परकर-पोलकं, पंजाबी ड्रेस लागेल. धंदा करणारीला आरी लागेल, कारण लग्नाच्या ब्लाउजला खरे पैसे तिथंच आहेत. दुकानवालीला दोन मदतनीस मुलींकडनं काम कसं करून घ्यायचं ते लागेल.

म्हणून माझं ठाम मत असं की विषय किती ठेवायचे ह्याच्या आधी विद्यार्थिनी कोण ते एकदा पक्कं करा. ती एक ठरली की तिच्यासाठी विषय दोन झाले काय आणि चार झाले काय, गोंधळ होत नाही. आपल्या बेळगावच्या शहापुरातलं साडीचं दुकान बघा, साडीच विकतंय, पण फॉल-पिको तिथंच लावून देतंय, मॅचिंग ब्लाउजपीस आणि परकरही तिथंच ठेवतंय. तीच बाई, तीच साडी, पुढचं काम. त्याच दुकानात कुणी मिक्सर ठेवले तर साडी घ्यायला आलेली बाई घेणार नाही, जरी तिला घरात मिक्सर लागत असला तरी. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे ते इथं, एकाच गिऱ्हाइकाला चार गोष्टी विकता येतात हे खरंच, फक्त त्या चार गोष्टी एकमेकींना धरून पाहिजेत.

इथं एक पळवाट आहे ती आधीच बंद करते. कुणी म्हणेल की माझी विद्यार्थिनी म्हणजे घरातनं कमाई करू बघणारी बाई, मग केकही बसतो, मेंदीही बसते, पार्लरही बसतंय. असं ताणलं तर काहीही बसतं. म्हणून मी अजून एक अट लावते, पुढच्या कोर्समध्ये मागच्या कोर्सचं शिकलेलं वापरलं गेलं पाहिजे. आरीच्या ब्लाउजला कापड कापायच्या आधी त्यावर गळ्याचा, बाहीचा आकार आखून घ्यावा लागतो, शिलाईला जागा सोडून डिझाइन बसवावं लागतं, म्हणजे तुमचं कटिंग शिकलेली बाई तिथं दोन पावलं पुढं असते. केकमध्ये तिला तुमच्याकडनं शिकलेलं काहीच उपयोगी पडत नाही, मग तिनं केक तुमच्याकडनंच का शिकावा? ती नावाजलेल्या केकवालीकडं जाईल आणि ते बरोबरच आहे.

खोलात जायचा फायदा काय ते माझ्या कामातनं सांगते. आपल्या भागात एक प्रकार रोजचा आहे. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतनं कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) मशीनिंगला उद्यमबागेत येतात, इकडनं तिकडं जातात. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण मधे राज्य बदलतं, जीएसटी नंबरचा कोड २७ चा २९ होतो. एरवी ५० हजारांच्या वर माल असला तरच ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) लागतं, पण मालकानं माल दुसऱ्या राज्यातल्या जॉबवर्करकडं (दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम करून देणाऱ्याकडं) पाठवला तर रक्कम कितीही कमी असू दे, ई-वे बिल लागतंच. बिलाऐवजी डिलिव्हरी चलनावर माल जातो, तो वर्षाच्या आत परत यायला पाहिजे, त्याचा हिशेब जीएसटीच्या आयटीसी-०४ फॉर्ममध्ये द्यायचा. पुण्यात-मुंबईत बसून जीएसटी शिकवणाऱ्या बहुतेकांना हा भाग पाच मिनिटांत उरकायचा असतो, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांना तो क्वचित लागतो. निपाणी, बेळगाव, कागल, गडहिंग्लजमधल्या अकाउंटंटचं मात्र ह्यावाचून चालत नाही. मी फक्त ह्या एका गोष्टीवर छोटा कोर्स केला. घेणारे थोडे आहेत, पण जो येतो तो किंमत कमी करा म्हणत नाही, अर्ध्यात सोडत नाही, आणि कारखान्याचा मालक स्वतः पैसे भरून नवीन मुलाला बसवतो. त्या कोर्समुळं मूळ टॅलीचा कोर्सही विकला जातो, कारण ज्याला एवढं बारीक कळतंय त्याला साधं तर येतच असणार असा लोकांचा विश्वास बसतो.

तुमच्याकडं असं बारीक काय आहे ते शोधा. मला बाहेरनं बघून वाटतं ते सांगते. ब्लाउज कटिंग ह्या नावानं यूट्यूबवर फुकटचा ढीग आहे, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण बाई मोबाईलवर रात्री शोधते काय? मुंढ्याला (बाहीच्या गोलाईला) झोल का येतो, गळा खांद्यावरनं उतरतो, कटोरीला टोक येतंय, भारी अंगाच्या बाईचं पाठीचं माप कसं घ्यायचं. कापड कापून झालेलं असतंय, गिऱ्हाईक उद्या येणार असतंय आणि तिच्या पोटात गोळा आलेला असतोय. फक्त फिटिंगच्या चुका आणि त्यांची दुरुस्ती ह्यावर तुम्ही कोर्स केलात तर तो तुमच्या सगळ्या जुन्या विद्यार्थिनींना लागू आहे, आणि ज्यांनी दुसरीकडं शिकलंय त्यांनाही. साहित्य तुमच्याकडं तयारच आहे, इतके दिवस ग्रुपवर बायकांनी पाठवलेले बिघडलेल्या ब्लाउजचे फोटो. परवानगी घ्या, चेहरे झाका आणि एकेक फोटोवर एकेक धडा करा. इरकल आणि खणाचं कापड आपल्याकडं जेवढं शिवलं जातंय तेवढं बाकी ठिकाणी नाही. खणाचा काठ कुठं आणायचा, बाहीला का पाठीला, अरुंद पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) मोठं माप कसं बसवायचं, हे तुमच्या हाताखालनं रोज जातंय, लातूरच्या किंवा नाशिकच्या बाईला ते कुणी सांगितलेलं नाही.

खोलात जाण्याची मर्यादाही आहे. नुसत्या जॉबवर्कच्या कोर्सवर माझं घर चालणार नाही, तेवढे अकाउंटंटच ह्या पट्ट्यात नाहीत. म्हणून मूळ कोर्स सगळ्यांना कळेल असा ठेवलाय आणि खोल कोर्स त्याला जोडलेत. बाहेर जाहिरात करताना मी एकच गोष्ट दाखवते, मराठीतनं अकाउंट्स शिका आणि नोकरीला लागा. बाकीचे कोर्स आत आलेल्या माणसालाच दिसतात, तेही त्याची पायरी आल्यावर. कारण नवीन माणसासमोर आठ कोर्सची यादी टाकली की तो कुठला घेऊ म्हणून विचारत बसतो, घरच्यांना विचारतो, उद्या बघू म्हणतो आणि जातो. बारा कोर्स ९९९ मध्ये असली ऑफर तर मी कधीच देत नाही. ज्यानं बारा घेतले तो एकही पुरा करत नाही, आणि ज्याचा पुरा झाला नाही तो दुसऱ्या कुणाला सांगत नाही. आपल्याकडं अजून तोंडी सांगण्यावरच निम्मा धंदा चालतोय.

आता विविधतेचा जो खर्च दिसत नाही त्याबद्दल, आणि हा भाग जरा लक्ष देऊन वाचा. लोकांना वाटतं कोर्स एकदा रेकॉर्ड केला की झालं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, बहुतेक वस्तूंसाठी १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब गेले, ५ आणि १८ मुख्य राहिले. माझ्या कोर्समध्ये १२ टक्क्यांची उदाहरणं जिथं जिथं होती तो प्रत्येक व्हिडिओ परत करावा लागला, वर जुन्या विद्यार्थ्यांचे फोन, मॅडम ही एंट्री आता कशी करायची. माझे कोर्स सगळे एकमेकांना जोडलेले होते म्हणून एकाच अभ्यासात सगळे दुरुस्त झाले, एक नियम समजून घेतला आणि चार ठिकाणी वापरला. तेव्हा माझ्याकडं सोबत इंग्लिश आणि शेअर मार्केटही असतं तर? शेअर मार्केटमध्ये तर जानेवारी २०२५ मध्येच सेबीनं (शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेनं) नुसतं शिकवणाऱ्यांनाही मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरू नका असं सांगितलं होतं. म्हणजे त्या विषयाचे नियम वेगळे, त्याचं अपडेट वेगळं, त्याच्या शंका वेगळ्या, सगळं एका माणसाच्या डोक्यावर.

शिवणात सरकार नियम बदलत नाही, पण फॅशन बदलतेय. मुंढ्याचं गणित दहा वर्षांनीही तेच राहील, पाठीमागच्या गळ्याची डिझाइनं मात्र दर लग्नसराईला नवीन. म्हणून पायाचा कोर्स आणि डिझाइनचा भाग एकत्र ठेवू नका. पायाचा कोर्स एकदाच नीट, चांगल्या उजेडात, हात स्पष्ट दिसतील असा करा आणि वर्षानुवर्षं विका. डिझाइनचे छोटे धडे सीझनप्रमाणं काढा, कमी किमतीत, मुदतीचे. जुनं झालं की काढून टाकायचं. ही विविधताच आहे, पण तिला सांभाळायला काही लागत नाही.

आणि शंका. ७९९ मध्ये तुम्ही व्हिडिओ विकताय असं वाटतं, खरं तर बाई तुमचं उत्तर विकत घेतेय. रात्री साडेदहाला ब्लाउजचा फोटो येतो, त्याला उत्तर कोण देणार? ब्लाउजचं तुम्ही झोपेतही द्याल. मेकअपचं कसं देणार, स्किनला काही झालं असं कुणी लिहिलं तर? जिथं शंकेचं उत्तर तुम्ही स्वतः देऊ शकत नाही तो कोर्स तुमच्या नावावर विकू नका. माझ्या ओळखीत तालुक्याच्या ठिकाणी एक कॉम्प्युटर क्लासवाले आहेत, त्यांनी बाहेरनं तयार व्हिडिओ घेऊन वीसेक कोर्स एका ॲपवर टाकले होते. विक्री सुरवातीला झाली, मग शंका साचत गेल्या, उत्तर द्यायला कुणी नाही, आणि त्याचा परिणाम त्यांच्या चांगल्या चालणाऱ्या मूळ क्लासवर झाला. पालक म्हणायला लागले की सर फोन उचलत नाहीत.

तर तुमच्या यादीवर माझं मत असं. मेंदी, मेकअप, केक सोडा. आरी घ्या, पण तुम्हाला स्वतःला चांगली येत असेल तरच तुम्ही शिकवा, नाहीतर ज्या बाईचा त्यात हात बसलाय तिला सोबत घ्या. उत्पन्नात वाटा ठरवा, आणि मैत्रिणी आहोत म्हणून तोंडी ठेवू नका. व्हिडिओ कुणाचे, ती उद्या वेगळी झाली तर कोर्स चालू राहणार का बंद होणार, शंकांना उत्तर ती किती दिवस देणार, हे कागदावर लिहून दोघींनी सही करा. नातं टिकवायचं असेल तर हे आधीच झालेलं बरं.

तुमच्या यादीत नसलेली एक गोष्ट मी सुचवते आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. ब्लाउज शिवून पैसे मिळवणाऱ्या बाईला दर लावता येत नाही. शेजारची बाई दोनशे घेते म्हणून ही एकशे ऐंशी घेते. अस्तर, दोरा, हुक, वीज, मशीनची झीज, आपले तास, ह्याचा हिशेब तिनं कधी केलेला नसतो. ॲडव्हान्स घ्यायला लाज वाटते, दिवाळीच्या तोंडावर चाळीस ब्लाउज घेऊन बसते आणि एकही वेळेत होत नाही. ओळखीची बाई उधार नेते. दर कसे ठरवायचे, वही कशी ठेवायची, सीझनला किती ऑर्डर घ्यायच्या, अल्टरचे पैसे कधी घ्यायचे कधी नाही, हे ग्रुपवर कुणी मागणार नाही, कारण हे शिकायची गोष्ट आहे हेच माहीत नसतं. पण हे शिकलेल्या बाईच्या हातात पुढच्या महिन्यात चार पैसे जास्त दिसतात आणि तुमचा पुढचा कोर्स ती त्याच पैशातनं घेते. ह्या कोर्ससाठी हिशेबाच्या बाजूनं काही मदत लागली तर मला विचारा, मी मनापासून करीन.

अजून एक रस्ता आहे जो बाकीच्या महाराष्ट्रातल्या कोर्सवाल्यांना नाही पण आपल्याला आहे. तोच कोर्स कन्नडमध्ये. विषय नवा नाही, अपडेट नवं नाही, बाई मात्र नवी. चिकोडी, हुक्केरी, संकेश्वर पट्ट्यात किती घरांत दोन्ही भाषा चालतात ते तुम्हाला सांगायला नको, आणि बैलहोंगल, सौंदत्तीकडं तर कन्नडच. यूट्यूबवर आता एका व्हिडिओला दुसऱ्या भाषेचा ऑडिओ जोडता येतो, त्यामुळं डेमो तरी स्वस्तात करून बघता येईल. पण नुसता आवाज बदलून कोर्स विकायला काढू नका. फोनवर कन्नडमध्ये शंका सोडवणारी बाई आधी बघा. तुम्हालाच चांगलं बोलता येत असेल तर आरीच्याही आधी हे करा असं मी म्हणेन, कारण ह्यात तुमची शिकवायची मेहनत परत लागत नाही. माझ्याकडं हे जमलं ते माझी एक जुनी विद्यार्थिनी गोकाककडची आहे म्हणून, ती कन्नड बॅच सांभाळते.

रेकॉर्डिंगच्या आधी चाचणी घ्या, हे काही झालं तरी. आरी असू दे, फिटिंग असू दे, दर लावणं असू दे, आधी रविवारी दुपारी दोन तासांचं लाइव्ह शिबिर ठेवा, १४९ रुपये घ्या, फुकट नको. फुकट ठेवलं की तीनशे जणी नाव देतात आणि तुम्हाला काही कळत नाही. मेसेज आधी फक्त जुन्या विद्यार्थिनींना पाठवा. माझा ठोकताळा असा आहे, शंभर जुन्यांना सांगितल्यावर सात-आठ जणांनी पैसे भरले तर मी कोर्स करायला घेते, दोन-तीनच आले तर विषय बाजूला ठेवते, मला कितीही आवडत असला तरी. हा काही नियम नाही, ग्रुप किती जिवंत आहे त्यावर हलतो. पण तीन विषयांची तीन शिबिरं घेतलीत की मिस्टर बरोबर का बहीण बरोबर ह्यावर घरात चर्चा करायची वेळच येणार नाही. शिबिरात बायका जे प्रश्न विचारतील ते लिहून ठेवा, पुढं कोर्स केलात तर तीच धड्यांची यादी होते.

शेवटी एक अकाउंट्सची गोष्ट, कारण आरीचं ठरवलंत तर तुम्ही लगेच किटचा विचार कराल. फ्रेम, सुई, मणी, जरदोसी असं किट बनवून कोर्ससोबत कुरियर करायचं, बऱ्याच जणी करतात. तुम्ही निपाणीत, कर्नाटकात. निम्म्याहून जास्त विद्यार्थिनी महाराष्ट्रात. ऑनलाइन शिकवणं ही सेवा आहे, ती दुसऱ्या राज्यात दिली तरी वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नंबर घ्यायची सक्ती नाही. पण किट ही वस्तू आहे, आणि करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकायची असेल तर, हस्तकलेच्या ठराविक वस्तूंसारखी सूट सोडली तर, पहिल्या रुपयापासून नंबर लागतो, उलाढाल कितीही छोटी असली तरी. निपाणीच्या बाईनं कागलला किट पाठवलं तरी ते दुसरं राज्यच. आणि एकदा नंबर घेतला की कोर्सवरही १८ टक्के आला. ७९९ तशीच ठेवलीत तर त्यातले साधारण १२२ रुपये टॅक्सला गेले, वर लावलात तर बाईला ९४३ पडतात, आणि तिला त्या टॅक्सचं क्रेडिट (वजावट) काही मिळत नाही. म्हणजे किटवर मिळणाऱ्या थोड्या नफ्यासाठी मूळ कोर्स महाग होतोय. त्यापेक्षा सामानाची यादी द्या, फोटोसकट, कुठल्या नंबरची सुई आणि किती मणी, आणि कोल्हापुरात, बेळगावात, सांगलीत असं सामान कुठल्या बाजारात मिळतंय ते सांगा. कर्नाटकात जुलै २०२५ मध्ये यूपीआयच्या जमा रकमा बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या होत्या ते तुम्हाला आठवत असेल, त्यामुळं कोर्सचे पैसे घरच्या खात्यात मिसळू नका, वेगळं खातं ठेवा आणि मोठी उडी मारायच्या आधी तुमच्या सीएला एकदा कागद दाखवा.

आता वर म्हटलेले दोन आकडे, म्हणजे पान बघणाऱ्या किती आणि पैसे भरणाऱ्या किती, आणि जुन्या विद्यार्थिनींतल्या धंदा करणाऱ्या अंदाजे किती, एवढं इथंच लिहा. त्यावरनं पहिलं शिबिर फिटिंगचं ठेवायचं का दर लावण्याचं ते सांगता येईल. तुळशीच्या लग्नानंतर बायका शिवणात बुडतात, त्यांना ऐकायला वेळ नसतो, म्हणून जमलं तर पहिलं शिबिर श्रावणाच्या आधीच घेऊन टाका.